टॉम मांजराचा पियानो आणि शुद्धतेचा आग्रह

मुलांना बाख, मोझार्ट, बीथोव्हेन यांची ओळख कशी करून द्यावी, हा विषय निघाला की जाणकारांच्या बैठकीत एक मत हमखास पुढे येते. खरे संगीत सभागृहात बसून ऐकावे, नाहीतर गुरूसमोर बसून हाताने शिकावे. सिनेमा, कार्टून आणि रेकॉर्डिंग यांनी मुलांचा कान बिघडतो. पाश्चात्त्य संगीताच्या जगात हे मत शंभर वर्षे तरी नांदते आहे. मुंबई-पुण्यात मुलांना पियानोच्या, व्हायोलिनच्या क्लासला घालणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनीही ते जसेच्या तसे उचलले आहे. मला ते मान्य नाही. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. लुटुपुटूचा प्रतिस्पर्धी उभा करून त्याला लोळवण्यात काही पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्षाचे आक्षेप तीन. पहिला यंत्रावर. माणसाने माणसांसमोर, त्या क्षणी घडवायची ती गोष्ट म्हणजे संगीत; यंत्रातून ऐकू येते ते तिचे कलेवर. अमेरिकेतला नामांकित बँडमास्टर जॉन फिलिप सूझा याने १९०६ मध्ये यांत्रिक संगीताच्या संकटावर एक लेख लिहिला, तो या पक्षाचा मूळ ग्रंथच म्हणायला हरकत नाही. घरोघरी फोनोग्राफ आला की मुले वाद्याला हात लावणार नाहीत, हौशी गाणारे-वाजवणारे नाहीसे होतील, आया अंगाईसुद्धा यंत्रावर सोपवतील, अशी त्याची भीती होती. तीन दशकांनी जर्मन तत्त्वचिंतक थिओडोर अडोर्नो याने या आक्षेपाला धार लावली. नाझी राजवटीमुळे देश सोडून तो अमेरिकेत आला, तेव्हा एनबीसी रेडिओवर वॉल्टर डॅमरॉश शाळकरी मुलांसाठी संगीताच्या रसग्रहणाचा कार्यक्रम करीत असे. अडोर्नोचे म्हणणे असे की या कार्यक्रमातून मुले सिंफनी ऐकायला शिकत नाहीत. तिच्यातली एखादी धून तेवढी ओळखायला शिकतात. धून ओळखली, संगीतकाराचे नाव सांगितले, की संगीत कळले असा त्यांचा ग्रह होतो आणि अख्खी रचना हातची निसटते.

दुसरा आक्षेप चित्रावर. व्हिएन्नाचा समीक्षक एडुआर्ड हान्सलिक याने १८५४ मध्ये ठामपणे सांगितले की संगीताचा आशय म्हणजे नादाचे चालते-फिरते आकार; बाहेरची गोष्ट त्यात शोधायला जाऊ नये. त्याचा आधार घेऊन आजचे शुद्धतावादी म्हणतात, सूर ऐकताना मुलाच्या मनात जे आपसूक उमटले असते, त्याची जागा पडदा आधीच बळकावतो. डिस्नेचा ‘फँटेशिया’ पाहिलेल्या मुलाला पॉल दुकासची रचना ऐकताना जन्मभर मिकी माऊसच दिसणार.

तिसरा आक्षेप चरित्रपटांवर. ‘अमाडेउस’ पाहिलेल्या निम्म्या जगाला आज असे वाटते की समकालीन संगीतकार सालिएरीने मोझार्टचा जीव घेतला. कलावंताची ओळख अशी खोट्याने करून द्यायची असेल तर न दिलेली बरी.

हे आक्षेप हलके नाहीत. तरीही तिन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माध्यम कोणते यावर ऐकण्याची प्रत ठरते. माझ्या मते ती यावर ठरते की त्या माध्यमाने मुलाच्या कानाला काही काम दिले की नाही.

यंत्रापासून सुरुवात करू. ज्यांच्या नावाने शुद्धतेचा झेंडा मिरवला जातो, त्या संगीतकारांना यंत्राचे वावडे नव्हते. व्हिएन्नात काउंट डायमच्या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयासाठी मोझार्टने आयुष्याच्या अखेरच्या काळात, १७९० आणि १७९१ मध्ये, स्वयंचलित ऑर्गनसाठी रचना केल्या. खिळे ठोकलेला दंडगोल फिरायचा आणि वाजवणारा माणूस नसतानाच सूर निघायचे. पहिल्या रचनेच्या वेळी तो बायकोला लिहिलेल्या पत्रात कुरकुरलाही आहे, पण त्याची तक्रार यंत्राच्या चिमुकल्या, पोरकट आवाजाच्या नळ्यांबद्दल होती; नळ्या मोठ्या असत्या तर त्याचे काही म्हणणे नव्हते. पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या यंत्रासाठी त्याने एफ मायनरमधली जी फँटसी रचली, ती आज भलेभले ऑर्गनवादक कार्यक्रमात मानाने वाजवतात. हायडनने बासरीच्या घड्याळांसाठी छोट्या छोट्या चिजा लिहिल्या. बीथोव्हेनचा ‘वेलिंग्टनचा विजय’ हा मुळात यंत्रकार मेल्त्सेलच्या पॅनहार्मोनिकॉन या प्रचंड यंत्रासाठी योजलेला. पुढे तो वाद्यवृंदासाठी बसवला गेला आणि ८ डिसेंबर १८१३ रोजी सातव्या सिंफनीबरोबर एकाच कार्यक्रमात पहिल्यांदा वाजला. तेव्हा ‘संगीतकारांना हे चालले नसते’ हा मुद्दा इथेच बाद होतो.

आता सूझाचे भाकीत. यंत्र आले की शिकणारे हात थंडावतील, हा त्याचा सिद्धान्त. तो खरा असता तर शिनिची सुझुकी घडलाच नसता. त्याच्या वडिलांचा नागोयात व्हायोलिनचा कारखाना होता. घरात व्हायोलिनांची रास, पण त्या लाकडातून काय निघू शकते याची मुलाला कल्पना नव्हती. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याने मिशा एल्मनने वाजवलेल्या शूबर्टच्या ‘आवे मारिया’ची तबकडी ऐकली आणि कारखान्यातले एक व्हायोलिन घरी आणून तो स्वतःच्या स्वतः खटपट करू लागला. पुढे त्याने जी शिक्षणपद्धती उभारली, आणि जिच्यावर आज जगभर लहान मुले व्हायोलिन शिकतात, तिचा पायाच असा आहे की जी चीज शिकायची तिचे रेकॉर्डिंग मुलाच्या कानावरून घरात रोज गेले पाहिजे. मूल बोलायला लागण्याआधी महिनोन्महिने भाषा ऐकते, तसेच हे. हात नंतर येतात, कान आधी तयार होतो.

मराठी वाचकाला याहून जवळचा पुरावा हवा असेल तर गदगला जावे. शाळकरी भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवरच ऐकली. त्या सुरांनी त्यांना असे पछाडले की १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. भटकंतीनंतर ते ज्यांच्या पायाशी बसले ते सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य. तबकडीने गुरूची जागा घेतली नाही; कोणता गुरू शोधायचा ते तिने दाखवले. मुंबईतल्या झुबिन मेहतांची कथाही फार वेगळी नाही. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, पण युरोपातले नाणावलेले वाद्यवृंद घरात यायचे ते तबकड्यांवरूनच. १९५४ मध्ये अठरा वर्षांचा मुलगा व्हिएन्नाला शिकायला गेला, तो ते सगळे कानात साठवून.

हे अपवाद आहेत, प्रतिभावंतांची उदाहरणे देऊ नका, असे कोणी म्हणेल. मग अगदी साध्या बाळांकडे पाहू. अमेरिकेतल्या जेनी सॅफरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सात महिन्यांच्या बाळांना घरी दोन आठवडे रोज मोझार्टच्या पियानो सोनाटांमधले संथ भाग रेकॉर्डिंगवर ऐकवले. मग दोन आठवडे काहीच ऐकवले नाही. त्यानंतर तपासले तेव्हा ऐकलेले तुकडे आणि मोझार्टचेच न ऐकलेले तुकडे यांतला फरक बाळांना कळत होता. यात बाळ हुशार झाले असा दावा नाही. तेच तेच ऐकले की अनोळखी संगीताची घडण कानात मुरते, एवढाच त्याचा अर्थ, आणि माझ्या युक्तिवादाला तेवढा पुरतो. मोझार्टच्या काळी एखादी सिंफनी आयुष्यात दोनदा ऐकायला मिळणे हेही भाग्य. आज मुलाला ती आठवड्यात दहा वेळा ऐकता येते. मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळा नसतो. तीच गोष्ट, त्याच शब्दांत, रोज रात्री मागणारा हा एकच श्रोता आहे. रेकॉर्डिंग त्याच्या स्वभावाला जेवढे जुळते तेवढे सभागृह कधीच जुळणार नाही.

इथेच अडोर्नोलाही उत्तर मिळते. त्याने टीका केली ती रेडिओवरच्या कार्यक्रमावर. ठरल्या वेळी सिंफनी हवेतून आली, एकदा वाजली, संपली. त्यावर शाळेत प्रश्नोत्तरे. अशा ऐकण्यातून धून ओळखण्यापलीकडे मूल जाणार तरी कसे? त्याची टीका त्या पद्धतीला लागू आहे आणि आजच्या ‘ओळखा पाहू संगीतकार’ छापाच्या शालेय स्पर्धांनाही तितकीच लागू आहे. पण स्वतःच्या हाताने पुन्हा लावता येणारी तबकडी ही वेगळी चीज. हे खुद्द अडोर्नोच्याही लक्षात आले. मृत्यूच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याने ऑपेरा आणि लाँग-प्ले रेकॉर्ड या विषयावर लेख लिहिला आणि त्यात लाँग-प्लेची बाजू घेतली. रंगमंचावरच्या भपक्यापासून सुटका होऊन ऑपेरा एकाग्रतेने, पुन्हा पुन्हा, एखाद्या ग्रंथासारखा अभ्यासता येतो, असे त्याला तेव्हा वाटू लागले होते. पूर्वपक्षाचे आचार्यच उत्तरपक्षात येऊन बसले, हे त्यांच्या आजच्या शिष्यांना कोणी सांगत नाही.

रेकॉर्डिंगने आणखी एक सोय केली आहे, आणि ती मराठी रसिकाला चटकन पटावी. आपल्याकडे एकच बंदिश दोन गवयांनी गायली की दोन वेगळ्या इमारती उभ्या राहतात, हे आपण गृहीत धरतो. पाश्चात्त्य संगीत मात्र कागदावर लिहिलेले, म्हणून ते पक्के, त्यात फरक कसला, असे मुलाला वाटते. हा समज घालवायला ग्लेन गूल्डने वाजवलेल्या बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ पुरतात. १९५५ ची रेकॉर्ड सुमारे ३८ मिनिटांची, १९८१ ची सुमारे ५१ मिनिटांची. सुरुवातीचा आरिया पहिलीत दोन मिनिटांच्या आत उरकतो, दुसरीत तीन मिनिटे घेतो. कागद तोच, पियानोवादकही तोच, मध्ये सव्वीस वर्षे. १९८१ च्या वादनाचा ब्रूनो माँसँजाँने केलेला चित्रपटही आहे. त्यात गूल्ड बुटक्या खुर्चीवर पियानोला नाक लागेल इतका वाकून बसलेला आणि वाजवता वाजवता गुणगुणताना दिसतो. हे तीन पुरावे एका दुपारी मुलासमोर ठेवा. लिहिलेले संगीत वाजवणाऱ्याच्या हातात जाऊन कसे बदलते, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्याला अधिक नीट कळेल. सभागृहात बसून असा ताळा घेता येत नाही.

आता चित्र. सूर शुद्ध होते आणि पडद्याने ते बाटवले, हा इतिहास रचलेला आहे. मोझार्टचे निम्मे आणि व्हाग्नरचे जवळजवळ सगळे वैभव रंगमंचासाठी जन्मले. स्ट्राविन्स्कीचे ‘राइट ऑफ स्प्रिंग’ १९१३ मध्ये पॅरिसला वाजले ते बॅले म्हणून, निजिन्स्कीच्या नृत्यरचनेसह आणि रोरिकच्या नेपथ्यासह. सँ-साँसने १९०८ मध्येच एका मूकपटासाठी खास संगीत लिहिले. प्रोकोफिएवने ‘पीटर अँड द वुल्फ’ १९३६ मध्ये मॉस्कोच्या मुलांच्या रंगभूमीसाठी, निवेदकासह रचले. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट बेंजामिन ब्रिटनच्या ‘यंग पर्सन्स गाइड टु द ऑर्केस्ट्रा’ची. सिनेमाला नाके मुरडणारे शिक्षक ‘मुलांना हे प्रत्यक्ष ऐकवा’ म्हणून जिची शिफारस करतात, ती रचना ब्रिटिश सरकारच्या शैक्षणिक चित्रपटासाठी लिहिलेली आहे. ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ द ऑर्केस्ट्रा’ हा तो १९४६ चा चित्रपट. वाद्यवृंद लंडन सिंफनीचा, संचालक माल्कम सार्जंट. पडद्यावर येण्याआधी काही आठवडे ती लिव्हरपूलच्या कार्यक्रमात वाजली एवढेच.

त्या चित्रपटात कॅमेरा करतो काय? हेन्री पर्सेलने १६९५ मध्ये एका नाटकासाठी केलेली चाल आधी अख्खा वाद्यवृंद वाजवतो. मग फुंकेची लाकडी वाद्ये, पितळी वाद्ये, तंतुवाद्ये, तालवाद्ये असे एकेक कुटुंब. मग प्रत्येक वाद्याला आपापला विस्तार. शेवटी फ्यूगमध्ये पिकोलो नवी, उड्या मारणारी धून सुरू करते आणि एकामागून एक सगळी वाद्ये त्याच क्रमाने तिच्यात शिरतात. गलबला शिगेला पोचला की त्यावर पितळी वाद्ये पर्सेलची मूळ चाल संथपणे आणून ठेवतात. पाठीमागच्या रांगेत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला या गर्दीत कोण केव्हा बोलले ते कळत नाही. पडद्यावर त्या त्या वाद्याचा चेहरा समोर येतो आणि डोळा कानाला सांगतो, आता हा. दोनतीनदा असे झाले की डोळ्याची गरज संपते.

हेच काम एका मांजराने आणि उंदराने केले. ‘द कॅट कॉन्सर्टो’ हे टॉम आणि जेरीचे १९४७ मधले कार्टून. त्याला ऑस्करही मिळाले. टॉम काळा कोट घालून ऐटीत पियानोवर बसतो आणि लिस्तची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी सुरू करतो. जेरी पियानोच्या आत हातोड्यांवर झोपलेला. इकडे पट्टी दाबली की तिकडे हातोडा उडतो आणि त्यावरचा जेरीही. पियानो हे तारेवर आघात करून वाजणारे वाद्य आहे, हे सांगायला संगीतशिक्षकाला तक्ता लागतो. इथे ते हसता हसता कळते. टॉमची बोटे वाजणाऱ्या सुरांच्याच जागी पडतात. पहिला भाग संथ, भारदस्त. मग द्रुत भागात पाठलागाची लय आणि लिस्तची लय एक होऊन जाते. मध्ये जेरी जाझचा एक तुकडा घुसवतो आणि संगीताची जात बदलली हे कान टिपतो. शेवटी टॉम गलितगात्र होतो आणि टाळ्या जेरी घेऊन जातो. चीनचा पियानोवादक लांग लांग याने आपली गोडी दोन वर्षांचा असताना पाहिलेल्या या कार्टूनपासून सुरू झाल्याचे सांगितले आहे. आपल्याकडे टॉम आणि जेरीवर वाढलेल्या पिढीच्या कानात लिस्त आहेच, फक्त त्याचे नाव तिला कोणी सांगितले नाही.

म्हणजे सगळीच चित्रे चांगली, असे मी म्हणतो का? मुळीच नाही. ‘फँटेशिया’ या एकाच चित्रपटात दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. १९४० च्या या चित्रपटात ‘राइट ऑफ स्प्रिंग’वर पृथ्वीची उत्पत्ती आणि डायनोसॉर दाखवले, आणि त्यासाठी रचनेतले भाग गाळले, उरलेल्यांचा क्रम बदलला. स्ट्राविन्स्की हयात होता. त्याने पुढे कडक शब्दांत नापसंती दाखवली आणि ती रास्त होती. बीथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीवरही अशीच कात्री चालली. याउलट मिकीचा ‘सॉर्सरर्स अप्रेंटिस’. ती गोष्ट डिस्नेने चिकटवलेली नाही. जर्मन कवी गटेने १७९७ मध्ये लिहिलेल्या काव्यावरच दुकासने १८९७ मध्ये ही रचना बेतली. मिकी कुऱ्हाडीने झाडूचे तुकडे करतो तेव्हा संगीत थबकते. मग काँट्राबसूनचा खर्जातला हुंकार येतो, अडखळत पुन्हा तोच ठेका धरतो, आणि तुकड्यांतून नवे झाडू उठू लागतात. इथे चित्र सुरांच्या मागून चालते. पारख करायची ती हीच: चित्राच्या मापात बसवण्यासाठी सूर कापले, की सुरांच्या चालीने चित्र हलले?

उरला हान्सलिकचा मुद्दा, की चित्र एकदा चिकटले की सुटत नाही. चिकटते, हे मान्य. पण ते सोडवण्याची युक्तीही पडद्यानेच शिकवली. लेनर्ड बर्नस्टाइनने १८ जानेवारी १९५८ रोजी सीबीएस टेलिव्हिजनवर न्यूयॉर्क फिलहार्मनिकसह मुलांसाठीची कार्यक्रममाला सुरू केली. पहिल्याच भागाचा विषय होता, संगीताला अर्थ असतो म्हणजे काय. त्यात त्याने मुलांना तुरुंगातल्या निरपराध मित्राची आणि त्याला सोडवायला मोटारसायकलवरून येणाऱ्या सुपरमॅनची गोष्ट सांगितली आणि त्या गोष्टीवर संगीत वाजवून दाखवले. घोरणारे कैदी, मोटारसायकल, सगळे चपखल बसले. मग त्याने सांगितले की ही रिखार्ड श्ट्राउसची ‘डॉन किहोते’; तिच्यात सुपरमॅनचा काही संबंध नाही, आहेत ते वेडगळ सरदार आणि मेंढरांचा कळप. तेच सूर पुन्हा वाजले आणि दुसरी गोष्टही तितकीच चपखल बसली. मग गोष्ट हा संगीताचा अर्थ कसा असेल? हान्सलिकने ग्रंथात मांडलेला सिद्धान्त बर्नस्टाइनने सात-आठ वर्षांच्या मुलांच्या गळी काही मिनिटांत उतरवला, तोही टेलिव्हिजनवरून. शुद्धतावादाचा सर्वांत चांगला धडा शुद्धतावाद्यांनी नाकारलेल्या माध्यमातूनच दिला गेला आहे.

तिसरा आक्षेप खोट्या चरित्राचा. ‘अमाडेउस’चा इतिहास खोटा आहे हे निर्विवाद. सालिएरीवरचा आळ पुश्किनने १८३० मध्येच नाट्यरूपात आणला होता. तिथून तो पीटर शाफरच्या नाटकात आणि १९८४ मध्ये मिलोश फोरमनच्या चित्रपटात आला. खरा सालिएरी बीथोव्हेन, शूबर्ट आणि लिस्त यांचा शिक्षक. मोझार्टचा धाकटा मुलगाही त्याच्याकडे शिकला. मोझार्टच्या अपुऱ्या ‘रेक्विएम’शी सालिएरीचा संबंध नव्हता, ती पुरी केली झ्यूसमायरने. तरीही त्या चित्रपटातला एक प्रसंग संगीतशिक्षणाचा नमुना म्हणून मी कुणालाही दाखवीन. मृत्युशय्येवरचा मोझार्ट ‘रेक्विएम’मधला ‘कोन्फुतातिस’ हा भाग सांगतो आहे आणि सालिएरी उतरवून घेतो आहे. आधी खर्जातले पुरुषस्वर. मग त्यांच्या मागोमाग येणारे वरचे पुरुषस्वर. त्यांना साथ देणारे बसून आणि ट्रॉम्बोन. मग ट्रंपेट आणि टिंपनी. मग खालून धगधगणारी तंतुवाद्ये. प्रत्येक थर मोझार्टच्या तोंडून सुटा ऐकू येतो, लेखणी थांबते, सालिएरी गोंधळतो, पुन्हा विचारतो. आणि मग सगळे थर एकदम वाजतात. आपल्या संगीतात स्वर आडवे, एकामागून एक उलगडतात. इथे ते उभे रचलेले असतात आणि मराठी कानाला पाश्चात्त्य संगीतात अडखळायला होते ते नेमके इथेच. ती रचना कशी उभी राहते, हे त्या पाच मिनिटांत डोळ्यांदेखत घडते. प्रसंग सपशेल काल्पनिक, पण संगीत अस्सल. हा चित्रपट चिमुरड्यांचा नव्हे. जाणत्या मुलांबरोबर बसून पाहावा आणि संपल्यावर खरे काय ते सांगावे. ‘कट्यार काळजात घुसली’मधली घराण्यांची चुरस काल्पनिक आहे म्हणून आपण ते नाटक मुलांपासून लपवले नाही, दोन गायक्यांतला फरक कित्येकांना त्यातच प्रथम उमगला.

याच्या शेजारी शोपँवरचा १९४५ चा ‘अ साँग टु रिमेंबर’ ठेवा. क्षयाने खंगलेला नायक पियानो वाजवतो आहे आणि पट्ट्यांवर रक्ताचे थेंब पडताहेत. प्रेक्षकाला आठवते ते रक्त. त्या वेळी काय वाजत होते, हे विचारले तर सांगता येणार नाही, कारण कानाला काही कामच दिलेले नव्हते. बहिऱ्या बीथोव्हेनच्या आणि बालप्रतिभा मोझार्टच्या ज्या गोष्टी आपण मुलांना सांगतो त्यांतल्या बहुतेक याच जातीच्या असतात. चरित्र खरे असले तरी सुरांशिवाय ते कुणाच्याही दुःखाचे चरित्र ठरते. खोटेपणापेक्षा हा दोष मोठा आहे आणि आक्षेप घ्यायचा तर तो इथे घ्यावा.

आमच्या पक्षातल्या उतावळ्या मित्रांचाही समाचार घ्यायला हवा. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण आले: मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा एक सोनाटा दहा मिनिटे ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांची आकार ताडण्याची क्षमता थोड्या वेळापुरती वाढली. यात तान्ह्या बाळांचा संबंध नव्हता. तरी त्यातून ‘मोझार्टने मूल हुशार होते’ असा बाजार उभा राहिला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीत पाठवायला सरकारी तरतूद मागितली. गणितात गुण पडावेत म्हणून मोझार्ट लावणारा पालक मोझार्ट ऐकवत नसतो, औषध पाजत असतो. मुलाला ते लगेच समजते आणि औषधाबद्दल मुलांचे मत काय असते ते सर्वांना ठाऊक आहे.

तेव्हा सिद्धान्त असा. रेकॉर्डिंग आणि चित्रपट ही मुलाला अभिजात संगीतकारांकडे नेणारी पहिल्या प्रतीची साधने आहेत. फक्त ती कानाला कामाला लावणारी हवीत. व्यवहारात याचा अर्थ फार अवघड नाही. रचना आखूड घ्यावी, पण तिचा एखादा भाग घेतला तर तो पुरा ऐकवावा. गाजलेल्या धुनांची गोळाबेरीज नको. तीच पुन्हा लावावी, मग दुसऱ्या कलावंताची. चित्रासह पाहिली असेल तर काही दिवसांनी डोळे बांधूनच म्हणा, नुसती ऐकवावी, आणि बर्नस्टाइनसारखी तिला एखादी वेगळीच गोष्ट जोडून पाहावी. नाव विचारायची घाई करू नये.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मात्र पुरते खरे आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. फोनच्या टिचभर स्पीकरवर वाद्यवृंद ऐकू येत नाही. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत तिसऱ्या भागाच्या अखेरीस टिंपनीचे दबके ठोके चालू राहतात आणि न थांबता चौथा भाग उजळून फुटतो. फोनवर ते ठोके गडप होतात आणि मधे जाहिरात आली तर उरलेले जाते. पण हा दोष यंत्र वाईट असण्याचा आहे, यंत्र असण्याचा नव्हे. त्यावर उपाय म्हणजे बरे हेडफोन किंवा बरे स्पीकर, आणि संधी मिळेल तेव्हा सभागृह.

संधी मिळेल तेव्हा, हे शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या देशातला पहिला व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ मध्ये मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झाला, आणि तोही ठरावीक हंगामांतच वाजतो. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाने सभागृहाची वाट पाहायची ठरवली तर त्याच्या वाट्याला संगीतकारांची नुसती नावे येतील. शुद्धतेचा आग्रह धरणारे बहुधा नरिमन पॉइंटला टॅक्सीने जाता येईल इतक्या अंतरावर राहतात. त्यांच्यापाशी जे ज्ञान आहे, त्याची उरलेल्यांना गरज आहे. मुलांना यंत्रापासून दूर ठेवा असे बजावण्याऐवजी त्यांनी त्याच यंत्रावर कोणती रचना, कोणाची, आणि कोणत्या क्रमाने लावावी, एवढे जरी सांगितले तरी ती मोठी कामगिरी ठरेल.